मंदिराच्या विनाशाचे भाकीत आणि शुभवर्तमानांचा काळ

मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांची शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र आणि शिकवण सांगणारी बायबलमधील चार पुस्तके, केव्हा लिहिली गेली, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर फार थोडक्यात दिले जाते. यरुशलेमचे मंदिर रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये जाळले, पहिल्या तिन्ही शुभवर्तमानांत येशू त्या विनाशाचे भाकीत करतो, म्हणून ती तिन्ही इ.स. ७० नंतरची. नाशिकच्या शरणपूर भागात राहणारे माझे एक ज्येष्ठ ख्रिस्ती स्नेही हे उत्तर ऐकले की शांतपणे विचारतात, “म्हणजे भाकीत खरे असूच शकत नाही, हे तुम्ही पुस्तक उघडण्याआधीच ठरवून टाकले आहे ना?” त्यांचा आक्षेप मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. जो युक्तिवाद केवळ अशा गृहीतकावर उभा असतो, तो श्रद्धावंताला पटणार नाही आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही पटू नये. मात्र म्हणून कालनिर्णयाच्या कामी भाकितांचा काहीच उपयोग नाही, असे ठरत नाही. भाकीत घटनेशी किती जुळते हे मोजत बसण्याऐवजी ते कुठे जुळत नाही, कुठे थांबते आणि पुढच्या लेखकाने ते कुठे बदलले हे पाहिले, तर त्यातून बरेच काही कळते, आणि त्यासाठी चमत्कारांविषयी कोणतीही बाजू घ्यावी लागत नाही.

ही रीत आपल्याला परकी नाही. मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत या पुराणांत कलियुगातील राजवंशांच्या याद्या आहेत. मत्स्य आणि वायू पुराणांतील कथन पांडवांच्या वंशातील अधिसीमकृष्ण राजाच्या काळात चालले आहे असे धरलेले असल्यामुळे नंद, मौर्य, शुंग, आंध्र (म्हणजे सातवाहन) अशा सर्व वंशांविषयीची विधाने भविष्यकाळात येतात: अमुक राजा होईल, तो इतकी वर्षे राज्य करील. त्याच यादीत गौतमीपुत्र ‘होईल’ आणि त्याच्यामागून पुलुमावी ‘होईल’. हाच गौतमीपुत्र आमच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, भूतकाळात भेटतो. त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू वासिष्ठीपुत्र पुलुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तेथे लेख कोरवून घेतला, आणि आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित केले, असे त्यात अभिमानाने नोंदवले. पुराणांतील भविष्यकाळ हा कथनाच्या चौकटीचा भाग आहे, हे तो लेख वाचणाऱ्याला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

परंतु ‘पुराणांत गुप्तांचा उल्लेख आहे, म्हणून ती गुप्तांनंतरची’ एवढ्यावर अभ्यासक थांबले नाहीत, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हे. इंग्रज अभ्यासक पार्जिटर यांनी १९१३ मध्ये या याद्यांचे पाठ एकत्र करून प्रसिद्ध केले. त्यांत गुप्तवंशी राजे गंगाकाठचा प्रदेश, प्रयाग, साकेत आणि मगध यांचा उपभोग घेतील, असे म्हटले आहे. समुद्रगुप्ताने केलेला विस्तार त्यात कुठेच नाही. त्यानंतर वर्णन सैल होते: अधर्मी राजे येतील, प्रजा पीडित होईल, आयुष्य घटेल. नेमकेपणा जिथे संपतो त्या जागेवरून या याद्यांवरचा मुख्य हात इ.स.च्या चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात थांबला असावा, असा निष्कर्ष काढला गेला.

यहुदी परंपरेतील दानीएलच्या पुस्तकाबाबत हीच कसोटी विलक्षण नेमकी ठरते. त्याच्या अकराव्या अध्यायात ईजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाचे सेल्युकिड राजे यांच्या लढाया, विवाहसंबंध आणि विश्वासघात, नावे न घेता पण ओळखू येतील इतक्या बारकाईने, पुढे घडणाऱ्या गोष्टी म्हणून सांगितले आहेत. चौथ्या अँटिओकसने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिराची विटंबना केली, तिथपर्यंत सर्व जुळते. मग तो राजा ईजिप्तवर पुन्हा मोठी स्वारी करील आणि समुद्र व पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ देऊन तेथेच त्याचा अंत होईल, असे म्हटले आहे. ते घडले नाही. अँटिओकस इ.स.पू. १६४ मध्ये पर्शियाकडील मोहिमेत मरण पावला. म्हणून बहुतेक अभ्यासक या अध्यायाचे लेखन त्या तीन वर्षांत ठेवतात. पॉर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने तिसऱ्या शतकातच हे ओळखले होते. त्याचा ग्रंथ नष्ट झाला, पण त्याला उत्तर देणाऱ्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानाच्या भाष्यात त्याचा युक्तिवाद टिकून राहिला. दानीएलच्या लेखकाला मी लबाड म्हणणार नाही. छळाखाली दबलेल्या आपल्या लोकांना धीर देण्यासाठी त्याने त्या काळी रूढ असलेला लेखनप्रकार वापरला.

आता मार्ककडे वळतो. त्याच्या तेराव्या अध्यायात एक शिष्य मंदिराचे प्रचंड चिरे पाहून थक्क होतो, आणि येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे येशू त्याला सांगतो. पुढे जैतुनाच्या डोंगरावर मंदिरासमोर बसून, चार शिष्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना तो लढाया, भूकंप, दुष्काळ आणि छळ यांविषयी बोलतो. ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ, म्हणजे पवित्र स्थान विटाळणारी वस्तू, जिथे असू नये तिथे उभा दिसला, की यहूदियातल्या लोकांनी डोंगरांत पळून जावे, धाब्यावर असलेल्याने घरातून काही घेण्यासाठी आत जाऊ नये, आणि हे हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करावी, असे तो सांगतो.

प्रत्यक्षात काय घडले ते आपल्याला प्रामुख्याने जोसीफसकडून कळते. हा यहुदी सेनानी इ.स. ६७ मध्ये गालीलात रोमनांच्या हाती सापडला आणि यरुशलेमच्या वेढ्याच्या वेळी रोमन छावणीत होता. इ.स. ६६ मध्ये उठाव झाला. इ.स. ७० च्या वसंतात, वल्हांडण या यहुदी सणासाठी शहर यात्रेकरूंनी भरलेले असताना, रोमन सेनापती टायटसने वेढा घातला. शहरातले गट आपसांत लढत होते आणि उपासमारीने माणसे मरत होती. टायटसच्या सैनिकांनी शहराभोवती ३९ स्टेडियम, म्हणजे सुमारे सात किलोमीटर लांबीची भिंत १३ चौक्यांसह तीन दिवसांत उभी केली, असे जोसीफस लिहितो. ऑगस्टमध्ये मंदिर आगीत भस्मसात झाले, सप्टेंबरमध्ये उरलेले शहर पडले, आणि मग टायटसच्या आज्ञेने तीन बुरूज व पश्चिमेकडील तटाचा भाग वगळता सारे जमीनदोस्त करण्यात आले.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की न जुळणारे तपशील दिसू लागतात. मंदिर जळाले ही त्या दिवसाची सर्वांत मोठी आठवण होती, पण मार्कच्या भाकितात आगीचा उल्लेखच नाही. विनाश ऐन उन्हाळ्यात झाला. ते ठाऊक असलेला माणूस हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करण्याचा सल्ला नव्याने का रचील? रोमनांनी मंदिराच्या आवारात आपली निशाणे उभारून त्यांच्यापुढे बळी दिले, असे जोसीफस सांगतो, आणि काहींना तोच ‘अमंगळ पदार्थ’ वाटतो. परंतु तोवर वेढ्याला काही महिने झाले होते आणि ते पाहून डोंगरांत पळून जाण्याला अर्थ उरलेला नव्हता. या वर्णनाला त्याहून जवळची घटना तीस वर्षे आधीची आहे. इ.स. ४० मध्ये कॅलिगुला बादशहाने आपला पुतळा यरुशलेमच्या मंदिरात उभा करण्याचा हुकूम सोडला. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस याने रक्तपात टाळण्यासाठी जाणूनबुजून दिरंगाई केली, आणि जानेवारी ४१ मध्ये बादशहाचा खून झाल्यामुळे ते संकट टळले. त्या काही महिन्यांत सबंध यहूदियाने ज्या भीतीत दिवस काढले, त्या भीतीचा ठसा या वचनांवर आहे, हे काही अभ्यासकांचे मत मला पटते. मार्कने ते जुने शब्द नव्या संकटाच्या वेळी पुन्हा हाती घेतले असावेत. ‘वाचकाने हे ध्यानात आणावे’ अशी सूचना तो येशूच्या भाषणाच्या मधोमध घालतो. ज्याला आपल्या वाचकापुढे काही तातडीचे दिसत आहे, असाच लेखक असे करील.

यावरून मार्कने इ.स. ७० पूर्वी लिहिले, असे सिद्ध होते का? नाही. सिद्ध होते ते इतकेच की त्याने निकाल हाती घेऊन भाकीत रचलेले नाही. तो युद्धाच्या शेवटच्या वर्षांत लिहीत असेल किंवा विनाशाची बातमी नुकतीच पोहोचली असताना लिहीत असेल. माझा कौल युद्ध चालू असतानाच्या काळाकडे थोडा अधिक झुकतो.

मंदिर पडेल असे आधीपासून म्हणणे त्या समाजात अगदी शक्य होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. इ.स.पू. आठव्या शतकात मीखा या संदेष्ट्याने सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे म्हटले होते. पुढे संदेष्टा यिर्मयाने या मंदिराची गत शिलो या पूर्वी उद्ध्वस्त झालेल्या पवित्र स्थानासारखी होईल असे मंदिरातच सांगितले, आणि त्याबद्दल त्याला मृत्युदंड मागितला गेला, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी मीखाचाच दाखला देऊन त्याचा बचाव केला. येशूनंतरचे उदाहरण तर थेट जोसीफसच्या पानांत आहे. युद्धाच्या चार वर्षे आधी, शहरात शांतता आणि सुबत्ता असताना, मांडवांच्या सणात हनन्याचा मुलगा येशू नावाचा एक साधा शेतकरी मंदिरात उभा राहून यरुशलेम आणि मंदिर यांच्यावर ओढवणाऱ्या अनर्थाविषयी ओरडू लागला. त्याला आल्बिनस या रोमन सुभेदारापुढे नेऊन हाडे दिसेपर्यंत फटके मारण्यात आले. तो ना रडला, ना कोणाला शिव्याशाप दिले, फक्त ‘हाय हाय यरुशलेम’ म्हणत राहिला. अखेर सुभेदाराने त्याला वेडा समजून सोडून दिले. सात वर्षे आणि पाच महिने तो हेच ओरडत होता, आणि वेढ्याच्या काळात रोमनांच्या यंत्रातून सुटलेला एक दगड लागून मेला. त्याला कोणी संदेष्टा मानावे किंवा न मानावे. विनाशाच्या आठ वर्षे आधी विनाशाचे शब्द यरुशलेमच्या रस्त्यांवर होते, हे यावरून निर्विवाद ठरते.

नासरेथकर येशूनेही असे काही म्हटले होते, याला शुभवर्तमानांतच एक अवघडलेली साक्ष आहे. त्याच्या चौकशीत काही साक्षीदार सांगतात की हे मंदिर मोडून तीन दिवसांत दुसरे उभारीन, असे तो म्हणाला होता. मार्क त्या साक्षीला खोटी ठरवतो, तरी वधस्तंभाजवळून जाणाऱ्यांच्या तोंडी तोच टोमणा ठेवतो. योहान मात्र तसेच वाक्य स्वतः येशूच्या तोंडी घालतो आणि तो आपल्या शरीररूपी मंदिराविषयी बोलत होता, असा खुलासा जोडतो. एक लेखक वाक्य नाकारतो आणि दुसरा त्याचा अर्थ वळवतो. जे वाक्य पुसून टाकणे कोणालाच शक्य नव्हते, ते फार जुने आणि सर्वांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून भाकितावर ज्यांचा विश्वास नाही त्यांनीही मान्य करावे लागते की मार्कमध्ये केवळ हे भाकीत असणे ही इ.स. ७० नंतरच्या लेखनाची खूण होत नाही.

लूकची गोष्ट निराळी आहे. आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिला आहे असे तो आरंभीच सांगतो, आणि मार्कचे लेखन त्याच्यासमोर होते, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे नऊ हजार नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा ठोकले होते, आणि अनेक नाण्यांवर खालचा नहपान अजून दिसतो. मार्कवर ठोकलेला लूकचा ठसाही असाच वाचता येतो. जिथे मार्कने ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ म्हटले होते, नेमक्या त्या जागी लूक लिहितो की यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल तेव्हा ती ओसाड पडण्याची वेळ आली आहे असे समजा. त्याआधी एकोणिसाव्या अध्यायात येशू शहर पाहून रडतो आणि म्हणतो की तुझे शत्रू तुझ्याभोवती मेढेकोट उभारतील, तुला चहूकडून कोंडतील. हिवाळ्याचा उल्लेख लूकने गाळला आहे. आणि परराष्ट्रीयांच्या काळाची मुदत पुरी होईपर्यंत यरुशलेम त्यांच्या पायांखाली तुडवली जाईल, हे मार्कमध्ये नसलेले वाक्य त्याने घातले आहे.

याला बायबलचे ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी १९४७ मध्ये घेतलेला आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मेढेकोट, वेढा, मुलांना जमिनीवर आपटणे ही सारी शब्दावली जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलमधील यहुदी धर्मग्रंथांच्या, ग्रीक भाषांतरातून, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सरने केलेल्या विनाशाच्या वर्णनांतून आलेली आहे, टायटसच्या वेढ्यावरून नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले. शब्दांच्या उगमाबाबत ते बरोबर असावेत. पण शब्द जुने असले तरी ते मार्कचे गूढ वाक्य काढून त्याच्याच जागी बसवण्याचे कारण त्यातून कळत नाही. मला वाटते, त्या गूढ संकेताचा अर्थ काय निघाला हे लूकच्या वाचकांना माहीत झाले होते. तुडवली जाण्याच्या मुदतीचे वाक्य तर त्याहून बोलके आहे, कारण विनाश आणि जगाचा अंत यांच्यामध्ये एक लांब काळ आहे, हे ज्याच्या अनुभवाला आले आहे असाच माणूस तेवढी जागा मोकळी सोडील. मार्क ‘त्या दिवसांत, त्या संकटानंतर’ सूर्य अंधकारमय होईल म्हणतो आणि मत्तय त्यात ‘लागलीच’ हा शब्द घालतो. मत्तयाला फार उशिराचा मानणाऱ्यांना या एका शब्दाचे उत्तर द्यावे लागते, जरी त्याच्याच बाविसाव्या अध्यायातील दृष्टांतात रागावलेला राजा सैन्य पाठवून नगर जाळतो आणि तिथे आग प्रथमच दिसते.

उलट बाजूचा सर्वांत ताकदवान युक्तिवाद जॉन रॉबिन्सन या इंग्रज बिशपांनी १९७६ मध्ये मांडला. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागात, मंदिराचा विनाश घडून गेलेली गोष्ट म्हणून एकदाही सांगितलेला नाही, म्हणून सर्व नवा करार इ.स. ७० पूर्वीचा, असे ते म्हणतात. लूकनेच लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात या युक्तिवादाला बळ मिळते. तिथे अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडेल असे सांगतो आणि लूक लगेच नोंदवतो की तो बादशहा क्लौद्याच्या कारकिर्दीत पडला. जो लेखक दुष्काळाचे भाकीत खरे झाल्याचे आवर्जून सांगतो, तो यरुशलेमबद्दल गप्प का राहील? शिवाय ते पुस्तक त्याचा नायक प्रेषित पौल रोममध्ये नजरकैदेत असताना, सुमारे इ.स. ६२ पाशी थांबते. त्याच्या मृत्यूची वार्ताही त्यात नाही.

हा प्रश्न मी अनेकदा मनात घोळवला आहे. अगबचा दुष्काळ कथेच्या कालकक्षेतच पडतो, मंदिराचा विनाश तिच्या बाहेर जातो, एवढा फरक आहे. पौलाच्या मृत्यूविषयीचे मौनही मला वाटते तितके पूर्ण नाही. विसाव्या अध्यायात तो इफिस येथील ख्रिस्ती मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगतो की तुम्ही कोणीही माझे तोंड पुन्हा पाहणार नाही, आणि ते सर्व त्याच्या गळ्यात पडून रडतात, विशेषतः या एका वाक्यामुळे, असे लूक मुद्दाम नमूद करतो. पौल नंतर इफिसला सुखरूप परतला असता, तर हे वाक्य इतक्या ठळकपणे कोणी लिहून ठेवले नसते. हेही एक भाकीत आहे, आणि त्याचे लेखकाला वाटणारे मोल पाहता पौलाचे काय झाले ते त्याला माहीत होते, असे मला वाटते.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र मंदिराशी संबंधितच नाही. येथे उभे असलेल्यांपैकी काही जण देवाचे राज्य सामर्थ्याने आलेले पाहिल्यावाचून मरणार नाहीत, असे येशूचे वचन मार्कच्या नवव्या अध्यायात आहे. पहिली पिढी संपत आली, तसे या वचनाचे ओझे वाढत गेले असणार. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या, एकविसाव्या अध्यायात ते प्रत्यक्ष दिसते. आधी येशू पेत्र या आपल्या प्रमुख शिष्याला सांगतो की म्हातारपणी तू आपले हात पसरशील आणि दुसरा तुला नको तिथे नेईल. लेखक लगेच सांगतो की हे त्याच्या मरणाविषयी होते. परंपरा पेत्राचा मृत्यू नीरोच्या काळात, इ.स. ६४ च्या रोममधील आगीनंतरच्या छळात ठेवते, आणि लेखकाच्या दृष्टीने तो घडून गेलेला आहे. मग पेत्र येशूच्या प्रिय शिष्याविषयी विचारतो, आणि येशू म्हणतो की मी येईपर्यंत त्याने राहावे अशी माझी इच्छा असली तर तुला त्याचे काय? यावरून तो शिष्य मरणार नाही, अशी बंधूंमध्ये बोलवा पसरली, असे लेखक सांगतो, आणि पुढे स्पष्ट करतो की तो मरणार नाही, असे येशू म्हणाला नव्हता.

हा खुलासा करण्याची वेळ केव्हा येते? तो शिष्य धडधाकट हिंडत असताना नक्कीच नाही. तो मरण पावला असला पाहिजे किंवा मृत्यूच्या दारात असला पाहिजे, आणि त्याच्या भोवतीची मंडळी हादरलेली असली पाहिजेत. येशूचा तरुण सोबती म्हातारा होऊन मरण्याइतका काळ लोटलेला आहे, म्हणजे आपण पहिल्या शतकाच्या अखेरीस, फार तर दुसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर आहोत. दुसऱ्या टोकाची मर्यादा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातील पपायरसचा एक लहानसा तुकडा घालून देतो. त्यावर याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील काही ओळी आहेत आणि तो सामान्यतः दुसऱ्या शतकातील मानला जातो. या निष्कर्षासाठी भाकितावर विश्वास ठेवावा लागत नाही आणि अविश्वासही दाखवावा लागत नाही. लेखकाने पसरलेली बोलवा लपवली नाही, येशूचे मूळ वाक्य त्यातल्या ‘असली तर’सकट दुसऱ्यांदा जसेच्या तसे लिहून काढले, आणि त्यापलीकडे स्वतःचा कोणताही अर्थ त्यावर लादला नाही.